पहाणीच्या रकान्यात न मावलेली पाखरे

महसूल खात्यात ज्याची हयात गेली, त्याला जमिनीकडे पाहण्याची एक ठरावीक दृष्टी लाभते. इतरांना जेथे हिरवे शिवार दिसते, तेथे त्याला सर्व्हे नंबर दिसतो. इतरांना जेथे मोकळा माळ दिसतो, तेथे त्याला ‘पडीक’, ‘पोटखराब’ किंवा ‘गायरान’ असा शब्द दिसतो. पहाणीपत्रकात क्षेत्र, आकार, खातेदार, पीक आणि शेरा यांना रकाने असतात. त्या रकान्यांत जे बसते ते सरकारदरबारी अस्तित्वात असते, आणि जे बसत नाही ते असूनही नसल्यासारखेच असते. निवृत्तीनंतर जुनी कागदपत्रे व जुनी पुस्तके चाळण्याचा छंद जडला, तेव्हा या गोष्टीचा मला नव्याने साक्षात्कार झाला. त्याला निमित्त झाली काही पाखरे.

प्रारंभीच एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मी कनिष्ठ अधिकारी म्हणून सीमाभागातील एका तालुक्यात काम करीत होतो. एका गावच्या गायरानापैकी काही एकर भूमिहीनांना वाटून देण्याचा प्रस्ताव होता. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला. अहवाल अर्थातच कानडीत होता. त्यात मी लिहिले होते की, सदर क्षेत्र पडीक असून सध्या कोणत्याही उपयोगात नाही. तलाठ्याने पंचांना तो मराठीतून समजावून सांगितला. पंचांपैकी एक वृद्ध धनगर अंगठा उठविण्यापूर्वी थांबला आणि म्हणाला, “सायेब, कुणाच्याच उपयोगाचं न्हाई असं लिवलंय तुमी. आमची मेंढरं हितंच चरत्यात. माझ्या आज्याच्या वक्ताला हितं हूम हुता, तणमोर हुता. आता निदान तितर तरी हाय. मग रान रिकामं कसं?”

सारे हसले, मीही हसलो. पुढे त्याने अंगठा उठविला व मी सही केली. जमीन ज्यांना मिळाली ती माणसे खरोखरच गरीब होती आणि त्या सहीचा मला आजही पश्चात्ताप वाटत नाही. परंतु त्या वृद्धाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, आणि ते देणे राहून गेले आहे याची जाणीव मात्र पुढे वाढतच गेली. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे.

त्या धनगराने उच्चारलेला ‘हूम’ म्हणजे माळढोक. नर माळढोक विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून जो घुमणारा आवाज काढतो, त्यावरून हे नाव पडले. आपल्या शेजारच्या कानडी मुलखात त्याला ‘येरेभूत’ म्हणतात. ‘येरे’ म्हणजे काळी जमीन, आणि त्या काळ्या रानात अवचित उभे राहिलेले भूत म्हणजे हा पुरुषभर वाटावा असा पक्षी. तणमोर हा त्याचाच धाकटा भाऊबंद. पावसाळ्यात उंच वाढलेल्या गवतातून नर तणमोर वारंवार हवेत उडी घेतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. गवतातला मोर, म्हणून तणमोर. एका पक्ष्याला दोन्ही भाषांनी आपापली नावे द्यावीत, याचाच अर्थ तो दोन्ही भाषांच्या माणसांच्या नित्य परिचयाचा होता.

हा परिचय केवळ लोकस्मृतीत नव्हता. त्याची लेखी नोंदही झालेली होती. कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत असताना येथील पक्ष्यांची यादी तयार केली व ती १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ओढ्याकाठी मान आखडून बसणारी आपली ढोकरी हिचे शास्त्रीय वर्णन प्रथम साईक्स यांनीच केले. पुढे सुमारे अर्धशतकाने ई. ए. बटलर हे लष्करी अधिकारी बेळगावच्या छावणीत आले. त्यांनी दख्खन आणि दक्षिण मराठा प्रदेश यांतील पक्ष्यांची एक विस्तृत यादी तयार केली व ती १८८१ च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हणजे बेळगाव, धारवाड, त्या काळचा कलादगी जिल्हा आणि मधली संस्थाने. हे नाव वाचून सीमाभागातील मराठी वाचकाचे मन क्षणभर थबकते, हे खरे. परंतु आपला विषय आज वेगळा आहे.

बटलर केवळ नावे देऊन थांबत नसत. कोणत्या पक्ष्याचे घरटे कोणत्या तारखेस, कोणत्या झाडावर वा कोणत्या माळावर सापडले, अंडी किती होती, याच्या त्यांच्या टिपणांत १८७९ व १८८० या सालांतील बेळगावच्या तारखा आढळतात. ते सैनिक होते आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून व अंडी गोळा करूनच त्यांनी अभ्यास केला. त्याबद्दल त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. तरीही, पावसाळ्यातील कोणत्या आठवड्यात बेळगावच्या माळावर कोण अंडी घालीत होते हे आज आपल्याला कळते, ते या टिपणांमुळेच.

ही टिपणे ज्यांनी छापली, त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची कहाणी तर माझ्यासारख्या जुन्या महसुली माणसास विशेष विचार करावयास लावणारी आहे. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु १८७१ ते १८७९ या काळात ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव होते, आणि त्याच काळात देशभरातील पक्ष्यांची माहिती ते जमवीत होते. जमीन व पाखरे यांची चिंता एकाच मेजावर वाहणारा हा माणूस होता. दुर्दैवाने, त्यांनी अनेक वर्षे खपून तयार केलेल्या हस्तलिखितांचा मोठा भाग सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकला गेला. तेव्हा खचून जाऊन त्यांनी आपला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पुढे सरकारी व्यवस्थेत महसूल एका दालनात राहिला आणि पाखरे दुसऱ्या दालनात गेली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

बटलर यांच्या यादीत माळढोक आहे, तणमोर आहे, गिधाडांच्या जाती आहेत. पखुर्ड्या, धाविक, माळटिटवी, चंडोल हे सारे आहेत. यांतील बहुतेक पाखरांचे घर एकच होते, ते म्हणजे गवताळ माळ. येथेच आपल्याला ‘पडीक’ या शब्दाकडे परत यावे लागते.

१८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेली जमीनमोजणीची पद्धत यथावकाश साऱ्या मुंबई इलाख्यात व आपल्या भागातही लागू झाली. त्या पद्धतीत जमिनीची प्रतवारी लावली गेली ती ती काय पिकवू शकेल यावरून. जी पिकवीत नाही ती पडीक, आणि नंबरातील जो भाग पिकविता येणारच नाही तो पोटखराब. सरकारच्या दृष्टीने हे चूक नव्हते. ज्या जमिनीतून उत्पन्न नाही तिच्यावर आकार बसवू नये हा त्यामागील हेतू रयतेच्या हिताचाच होता. परंतु त्याबरोबर एक विचार नकळत रुजला. पडीक नंबर लागवडीखाली येणे हे प्रगतीचे माप ठरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला जो भाव आला, त्याने धारवाड–बेळगावकडील काळ्या रानात कापसाचा पेरा वाढविला. माळाची कड तेव्हापासून मागे हटू लागली.

याच्या जोडीला शिकार होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात एकाच इंग्रज शिकाऱ्याने नऊशेहून अधिक माळढोक मारल्याची नोंद पक्षीविषयक ग्रंथांत वारंवार दिली जाते. माळढोकाची मादी वर्षाला सामान्यतः एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला बंदुकीने झालेला तोटा भरून काढता येत नाही. तथापि सारा दोष बंदुकीवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. १९६९ मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ती संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते, आणि त्यांतील बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. बंदूक खाली ठेवल्यानंतरच्या अर्धशतकात हा पक्षी अधिक वेगाने संपत गेला. मग त्याला कोणी मारले?

माझे उत्तर असे आहे की, त्याला बऱ्याच अंशी आपल्या सत्कृत्यांनी मारले. हे वाक्य विचित्र वाटेल. म्हणून त्याचा उलगडा करतो.

पहिले सत्कृत्य म्हणजे जमिनीचे वाटप. स्वातंत्र्यानंतर भूमिहीनांना जमीन देणे हे राज्याचे कर्तव्यच होते. १९७४ च्या दुरुस्तीने कर्नाटकातील कुळकायद्याला बळ आले. १९९१ मध्ये बगर हुकूम लागवड नियमित करण्याची तरतूद झाली आणि कचेऱ्यांत अर्जांचे गठ्ठे साचले. बगर हुकूम म्हणजे हुकमावाचून सरकारी जमिनीत केलेली लागवड, आणि ती प्रायः झालेली असे गायरानात व पडीक रानात. प्रत्येक अर्जामागे एक कुटुंब होते. त्या कुटुंबाचा विचार आम्ही केला. करावयासच हवा होता. मात्र त्याच जमिनीवर आषाढात अंडी घालणाऱ्या पक्ष्याचा अर्ज येत नाही, आणि तो येत नाही म्हणून त्याचा विचार करणारा रकानाही कोणी छापला नाही.

दुसरे सत्कृत्य म्हणजे पाणी. घटप्रभेवरील हिडकलचे धरण १९७७ मध्ये पुरे झाले. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले, त्याचा लाभ दोन्ही राज्यांना मिळाला. निपाणीचा परिसर तंबाखूसाठी प्रसिद्ध होता. १९८१ च्या आंदोलनाने तर तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे दुःख साऱ्या देशाला कळले. त्या काळी तंबाखूच्या जोडीला भुईमूग असे, आणि रब्बीला शाळू. पाणी आले, उपसा योजना झाल्या, उगार, संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी येथील साखर कारखान्यांची चाके फिरू लागली आणि शाळूच्या जागी ऊस उभा राहिला.

माझ्या वयाच्या वाचकांना शाळूची राखण आठवत असेल. शेतात माळा बांधून, हातात गोफण घेऊन आम्ही मुले पहाटेपासून ओरडत बसत असू. भोरड्यांचे थवे आले की आभाळ काळवंडे. दर हिवाळ्यात मध्य आशिया व पूर्व युरोपाकडून येणारी ही गुलाबी मैना आमच्या दृष्टीने चोरच होती. आता राखणीला कोणी बसत नाही, कारण राखण्यासारखे कणीसच उरलेले नाही. तंबाखूच्या पानाला पाखरू तोंड लावीत नाही, आणि उसात पाखराला दाणा मिळत नाही. बारा–बारा, अठरा–अठरा महिने उभ्या असलेल्या उसाच्या फडात जमिनीवर धावणाऱ्या चंडोलाला, धाविकाला वा माळटिटवीला पाऊल टाकण्यास जागा नसते. शेत हिरवे झाले, परंतु त्या पाखरांच्या दृष्टीने ते बंद झाले.

तिसरे सत्कृत्य म्हणजे वृक्षारोपण. हे सांगताना मला सर्वांत अधिक संकोच वाटतो, कारण झाड लावणे हे आपल्या संस्कृतीत पुण्यकर्म आहे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाची मोठी योजना कर्नाटकात राबविली गेली. उजाड माळ हिरवे करण्यासाठी निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची लागवड झाली. मीही कित्येक समारंभांत रोपे लावली आहेत. परंतु माळ म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या प्रदेशात गवत हीच निसर्गाची पूर्ण अवस्था असते. मोकळ्या जागेत दूरवर दृष्टी टाकून शत्रूचा वेध घेणाऱ्या पक्ष्याला झाडांची रांग म्हणजे आडोसा नसून भिंत असते. हावेरी जिल्ह्यातील राणेबेन्नूरचे अभयारण्य १९७४ मध्ये काळवीट व माळढोक यांच्यासाठी घोषित झाले. त्या अभयारण्याचा बराच भाग निलगिरीच्या लागवडीने व्यापलेला आहे. काळवीट राहिले, माळढोक गेला. ज्याच्यासाठी घर राखून ठेवले, त्याच्याच अंगणात आपण झाडे लावली.

चौथे सत्कृत्य गिधाडांच्या बाबतीत घडले. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत व सायंकाळपर्यंत केवळ हाडे उरत. १९९० नंतर ती कमी होऊ लागली, आणि मग एके दिवशी आपल्या लक्षात आले की ती दिसतच नाहीत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहूनही अधिक घटली. कारण सापडले ते २००४ मध्ये. आजारी गुराची वेदना कमी व्हावी म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई व त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये आणखी दोन घातक औषधांवर, किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर, बंदी आली. गुरावर दया करताना आपण एक अख्खा पक्षिवंश जवळजवळ संपविला. त्याची किंमत माणसानेही मोजली. मेलेली ढोरे सडू लागली, भटकी कुत्री वाढली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडलेला आहे. गिधाडाच्या सेवेचा आकार कोणत्याही पहाणीत बसविलेला नव्हता. तो असा बसला.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मानवी कृतीने सारेच पक्षी घटले असे नाही. पाण्याने माळाची पाखरे नेली, पण पाणपक्षी आणले. गोकाक तालुक्यातील धुपदाळच्या जलाशयावर १९७४ मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य झाले. मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे तेथे हिवाळ्यात उतरतात. गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंसांचे थवे येतात, आणि २०२४ मध्ये त्या तळ्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ही तळी व जलाशय माणसानेच बांधलेले आहेत. मोर तर इतके वाढले आहेत की आपल्या भागातील शेतकरी पेरणीच्या वेळी त्यांना कंटाळतो. २०२३ च्या ‘भारतीय पक्ष्यांची स्थिती’ या अहवालातही मोरांची वाढ नोंदलेली आहे. परंतु त्याच अहवालानुसार ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतील सुमारे ६० टक्के जाती घटत आहेत. आणि घट विशेष आहे ती गवताळ व मोकळ्या प्रदेशांतील पक्ष्यांत आणि शिकारी पक्ष्यांत. म्हणजे ज्याला कोठेही जमवून घेता येते ते पाखरू टिकले, ज्याला एकच घर होते ते गेले.

या साऱ्याच्या वर आता हवामानाचे संकट आहे. आपल्या शेतकऱ्याचे पंचांग निम्मे पाखरांच्या मुखी होते. पावश्याने ‘पेरते व्हा’ म्हटले की तिफणीची डागडुजी सुरू होई. चातक दिसला की पाऊस जवळ आला असे समजत. ही पाखरे भविष्य सांगत नसत. वाऱ्याची व पावसाची जी चाहूल शेतकऱ्याला हवी असे, तिच्यावरच त्यांची वीणही अवलंबून असे, इतकेच. आज ते वेळापत्रक विस्कटत आहे. मध्य भारताच्या पट्ट्यातील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. आपल्याला त्यासाठी संशोधन वाचण्याचीही गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले व पुणे–बेंगळूर वाहतूक खोळंबली, हे आपण पाहिले आहे. आठवडाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळला, तर जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीची, लाव्याची, चंडोलाची अंडी वाहून जातात. उन्हाळ्यात नदीच्या दरडीत बिळे करून पिले वाढविणाऱ्या वेड्या राघूचे घर अवकाळी पावसाने ढासळते. पूर्वीही असे वर्ष येई. परंतु पूर्वी विस्तीर्ण माळ होता. एका ठिकाणची वीण बुडाली तर दुसऱ्या ठिकाणची वाचे. आता माळाचे तुकडे उरले आहेत, आणि तुकड्यात राहणाऱ्याला दुसरी संधी नसते. हवामानाचा घाव निवारा गमावलेल्यावर अधिक खोल बसतो, तो असा.

मग उपाय कोणता? येथेही इतिहास सावध करतो. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेकडो गावे, शेते, वस्त्या आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात पक्षी उतरे, त्यालाच तो नकोसा झाला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. परंतु तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. म्हणजे पक्ष्याला रकाना नसणे जसे घातक, तसे माणसाला विसरून आखलेला रकानाही घातकच. राजस्थानात आता कृत्रिम पैदास केंद्रांत माळढोकाची पिले वाढत आहेत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिलू जन्मले, हे आनंददायक आहे. पण ती पिले उद्या सोडावयाची कोठे, हा प्रश्न पुन्हा माळापाशीच येऊन थांबतो.

आपल्या जिल्ह्यात खानापूरकडील भीमगडच्या जंगलाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. धुपदाळच्या पाण्याला तो त्यापूर्वीच मिळाला होता. जंगलाला नाव आहे, पाण्याला नाव आहे. माळाला मात्र अजून ‘पडीक’ हेच नाव आहे. ही केवळ आपल्या तालुक्याची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक भूमी नकाशासंग्रहात देशाचे सुमारे १७ टक्के क्षेत्र पडीक म्हणून दाखविले आहे आणि त्यात झुडुपी रानांचा व माळरानांचा मोठा भाग मोडतो. एकदा एखादी जागा पडीक ठरली की तिच्यावर काहीही करणे ही सुधारणाच ठरते.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे, आणि ती एका निवृत्त कारकुनी मनाला साजेशीच आहे. गावोगावी जी थोडी गायराने उरली आहेत, त्यांच्या पहाणीत शेऱ्याच्या रकान्यात ‘पडीक’ऐवजी ‘गवताळ माळ, चराई व पक्ष्यांच्या विणीची जागा’ असे लिहिले जावे. त्यासाठी नवे अभयारण्य नको, कोणाची जमीन काढून घेणे नको. मेंढरे चरू द्यावीत. मर्यादित चराईने माळ मोकळा राहतो आणि धनगराचेही पोट भरते. विणीच्या दोन महिन्यांत एखादा कोपरा मोकळा ठेवण्याचा ठराव ग्रामपंचायत करू शकते. आणि तेथे झाडे लावण्याचा समारंभ मात्र करू नये. झाडांसाठी रस्त्याच्या कडा आहेत, महामार्गाच्या रुंदीकरणात आपण गमावलेल्या वडांच्या जागा आहेत.

आपल्या मंडळाच्या सभासदांना आणखी एक विनंती. बटलर यांच्या तारखा आपल्यापाशी आहेत, पण त्यांच्यापुढे लावावयास आपल्या तारखा नाहीत. सालिम अली यांनी म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करून ती १९४२-४३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १९५६ नंतर महाराष्ट्रातील अभ्यासकांची पावले बहुधा कागलपाशी थबकली. आपण दोन्हींच्या मध्ये राहिलो. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचून मराठीला पाखरांची नावे जमवून दिली आहेत. ती वापरून आपल्या गावच्या पाखरांची तारीखवार नोंद करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. एक वही पुरते.

गेल्या आषाढात मी त्या जुन्या गायरानाकडे मुद्दाम गेलो होतो. वाटप झालेल्या भागात ऊस उभा आहे, एका घराला माडी चढली आहे, आणि त्या घरातील मुलगी बेळगावला महाविद्यालयात शिकते असे कळले. ते ऐकून बरे वाटले. ओढ्यापलीकडे पाच–सात एकर माळ अजून शिल्लक आहे. तो वृद्ध धनगर केव्हाच निवर्तला. त्याचा नातू तेथे मेंढरे घेऊन उभा होता. अर्धा तास थांबल्यावर गवतातून तितराची साद आली. मी वही काढली, तारीख घातली आणि लिहिले : ‘सदर क्षेत्र उपयोगात आहे.’